कोष्ठ, कोठा आणि कोठो

कुडाळकडच्या बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. क्रिया शारीर म्हणजे आयुर्वेदातल्या शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी गावातल्या माणसांचं कोष्ठपरीक्षण, म्हणजे पोटाच्या स्वभावाची तपासणी, करायचं आहे, पण ‘तुमचा कोष्ठ कसा आहे?’ विचारलं की समोरचा नुसता बघत राहतो. प्रश्नावलीत सरळ ‘कोठा’ लिहिलं तर चालेल का? शब्द एकच ना?

शब्द एकच. संस्कृत कोष्ठ, प्राकृत कोट्ठ, मराठी कोठा आणि तुमच्या मालवणीत कोठो. ओष्ठाचा ओठ आणि पृष्ठाची पाठ झाली, तसंच हे. मुळात साठवणीची बंदिस्त जागा; कौटिल्याचा कोष्ठागाराध्यक्ष म्हणजे राजाच्या कोठारांवरचा अधिकारी. चरकसंहितेत मात्र कोष्ठ म्हणजे धडाची पोकळी, आणि तिच्या शारीरस्थान या भागातल्या 15 कोष्ठांगांत, म्हणजे या पोकळीतल्या अवयवांत, हृदय, यकृत, वृक्क (मूत्रपिंड), बस्ती (मूत्राशय) हेसुद्धा येतात. ‘कोठो’ म्हटल्यावर मूत्राशय कुणाच्या डोक्यात येत नाही. तेव्हा कोष्ठांगांबद्दल लिहिताना कोष्ठच ठेवा.

परीक्षणातला कोष्ठ वेगळा. तो पोटाचा मूळ स्वभाव: पित्त अधिक तर मृदू (चटकन सुटणारा), वात अधिक तर क्रूर (सहजी साफ न होणारा), कफ अधिक किंवा तिन्ही सम असतील तर मध्य. मृदू कोष्ठाच्या माणसाला गूळ, उसाचा रस, दूध, अगदी गरम पाण्यानेही रेच होतो, म्हणजे पोट सुटतं, असं चरक सांगतो. स्नेहपानाने, म्हणजे उपचार म्हणून तूप-तेल प्यायल्याने, असा माणूस 3 रात्रींत स्निग्ध होतो (शरीरात पुरेसा ओशटपणा येतो), क्रूर कोष्ठाच्या माणसाला 7 लागतात.

घोळ होतो तो इथे. मे महिन्यात बरक्या फणसाचे गरे पोटभर हाणले की घरोघरी ऐकू येतं, ‘कोठो जड झालो.’ ही त्या दिवसाची तक्रार. अग्नी म्हणजे पचनशक्ती मंदावली, अजीर्ण झालं एवढंच. एरवी दुधाच्या पेल्यानेही ज्याचं पोट सुटतं, त्याचाही कोठा त्या दिवशी जड होईल. ‘जड’ ऐकून तुम्ही रकान्यात ‘क्रूर’ लिहिलंत की परीक्षण फुकट.

म्हणून कोठा जरूर लिहा, पण ‘कोठा कसा आहे?’ असं मोघम नको. ‘कोठा रोज आपसूक साफ होतो का?’, ‘दूध प्यायल्यावर पोट सुटतं का?’ असं विचारा. ‘क्रूर’ मात्र तुमच्या वहीतच राहू द्या. मराठीत कोठा साफ असतो, हलका असतो, जड असतो. क्रूर कोठा कुणी म्हणत नाही, आणि एखाद्या आजीला तोंडावर तसं सांगितलंत तर पुढची उत्तरं मिळायची नाहीत.

गंमत म्हणजे ‘बद्धकोष्ठ’ सगळ्यांना कळतं. तिथे कोष्ठ जसाच्या तसा टिकलाय, फक्त सुटा विचारला की अडतो. तेव्हा ‘बद्धकोष्ठ’ बिनधास्त वापरा.

जाता जाता लेखनाचं: सुटं लिहिताना मृदू कोष्ठ, समास केलात तर मृदुकोष्ठ.