पपईच्या चिकातील पपेन : औषधी उपयोग, मर्यादा आणि चीक काढण्याबाबत सल्ला

नंदुरबार व धुळे जिल्ह्यांतील पपई उत्पादकांनी विचारलेल्या प्रश्नांना हे एकत्रित उत्तर आहे. प्रश्नांचा गोषवारा असा : चिकापासून मिळणारे पपेन नेमके कोणत्या औषधांत वापरतात, ताजा चीक जखमेवर, गजकर्णावर किंवा जनावराच्या जखमेवर लावावा काय, डेंगीच्या तापात पपईचा उपयोग होतो काय, आणि फळाचा भाव पडलेला असताना चीक काढून विकणे परवडेल काय. चिकाला कोण आणि कशासाठी पैसे मोजतो हे कळल्याशिवाय शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, म्हणून औषधांपासून सुरुवात करतो.

पपेन हे प्रथिनांचे तुकडे करणारे विकर, म्हणजे एन्झाइम आहे. त्याचा रेणू २१२ अमिनो आम्लांचा असून त्यातील सिस्टीन नावाच्या एका अमिनो आम्लावरील गंधक हाच त्याचा काम करणारा भाग असतो. हा गंधक फार हळवा आहे. हवेतील ऑक्सिजन, लोखंड, तांबे, चांदी किंवा पारा यांच्या संपर्कात तो आला की विकर निकामी होते. चीक लोखंडी भांड्यात का गोळा करू नये आणि पपेनच्या मलमासोबत चांदीयुक्त मलम का लावू नये, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर या एकाच गोष्टीत आहे. चिकात एकटे पपेन नसते; कायमोपपेनसारखी आणखी काही प्रथिनभेदक विकरे आणि इतर प्रथिनेही त्यात असतात. फळ पिकत जाते तसा चीक कमी होतो, त्यामुळे पिकलेल्या पपईत पपेन जवळजवळ राहत नाही. पिकलेली पपई खाल्ल्याने पोट साफ होते याचे श्रेय मुख्यतः तिच्यातील तंतूंना आणि पाण्याला द्यावे लागेल.

पपेनचा सर्वांना परिचित उपयोग पचनाच्या औषधांत आहे. जेवणानंतर पोट जड वाटल्यास घेतल्या जाणाऱ्या पाचक गोळ्या व सिरप यांत ते बहुधा पिष्ट पचवणाऱ्या डायास्टेजसोबत घातलेले असते. मात्र पपेन साधारण ६ ते ७ सामूला उत्तम काम करते आणि जठरातील तीव्र आम्लात त्याचा काही भाग नष्ट होतो. ज्याचे स्वादुपिंड निरोगी आहे त्याला शरीर स्वतःच पुरेशी पाचक विकरे पुरवते; ज्याचे स्वादुपिंड खरोखर दुबळे झाले आहे त्याला डॉक्टर वेगळी औषधे देतात. म्हणून या गोळ्यांकडून जाहिरातीइतकी अपेक्षा ठेवू नये, आणि अपचन वारंवार होत असेल तर त्याचे कारण तपासून घ्यावे, असे माझे मत आहे.

जखमांवरील उपयोग अधिक महत्त्वाचा आहे. भाजलेल्या जागी, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीवर किंवा मधुमेही व्यक्तीच्या पायावर जी जखम दीर्घकाळ चिघळते, तिच्यावर मृत मांसाचा चिकट थर साचतो आणि तो निघाल्याशिवाय खालची नवी त्वचा भरून येत नाही. शस्त्राने हा थर काढणे शक्य नसते तेथे पपेन व युरिया यांचे मलम वापरण्याची पद्धत आहे. युरिया मृत प्रथिनांची घडी उलगडतो आणि मग पपेनला ती तोडणे सोपे जाते. जिवंत ऊतींना पपेनपासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, कारण रक्तात व निरोगी ऊतींत अल्फा-१-अँटिट्रिप्सिन नावाचे प्रथिन असते आणि ते अशा विकरांना अडवते, असे मानले जाते. कुजलेल्या भागात हे संरक्षण उरलेले नसते. दातांच्या उपचारांत याच तत्त्वाचा उपयोग करून ब्राझीलमध्ये पपेनयुक्त जेल तयार करण्यात आले. किडलेला मऊ भाग त्याने सैल होतो व नंतर तो खरवडून काढता येतो, त्यामुळे ड्रिलची भीती बाळगणाऱ्या लहान मुलांसाठी ते सोयीचे ठरते. पपेन-युरिया मलम लावताना जखम हायड्रोजन पेरॉक्साइडने धुवू नये, कारण त्याने पपेन निकामी होते. हे मलम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वापरावयाचे असते.

आता या औषधाची दुसरी बाजू. पपेन हे परके प्रथिन असल्यामुळे काही व्यक्तींना त्याची तीव्र ॲलर्जी होते. रबराच्या चिकाची ॲलर्जी असणाऱ्यांना हा धोका अधिक संभवतो. पपेन असलेल्या, बाहेरून लावण्याच्या औषधांमुळे रक्तदाब एकदम घसरणे व नाडी जलद होणे अशा गंभीर तक्रारी नोंदवल्या गेल्यावर अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००८ मध्ये मान्यता नसलेली अशी सर्व उत्पादने बाजारातून काढून घ्यावयास लावली. चिकातील कायमोपपेनची कथाही अशीच आहे. कंबरेच्या मणक्यातील सरकलेली चकती विरघळवण्यासाठी त्याचे इंजेक्शन देण्याची कल्पना अमेरिकी डॉक्टर लायमन स्मिथ यांनी १९६४ मध्ये प्रत्यक्षात आणली, १९८२ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यताही मिळाली. परंतु ॲलर्जीचे झटके आणि मज्जारज्जूची गुंतागुंत यांमुळे त्याचा वापर मागे पडला व पुढे विक्री थांबली. काटेकोर शुद्ध केलेल्या औषधाची ही स्थिती असेल, तर झाडावरून थेट उतरवलेल्या चिकाबाबत किती सावध राहावे लागेल याचा विचार आपण करावा.

प्रयोगशाळेतील एक उपयोग येथे सांगण्याजोगा आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉडनी पोर्टर यांनी १९५९ मध्ये पपेनच्या साहाय्याने प्रतिपिंडाचे, म्हणजे अँटिबॉडीचे, ठरावीक तुकडे केले आणि त्यावरून प्रतिपिंडाची रचना उलगडण्यास मदत झाली. या विषयातील कार्यासाठी त्यांना १९७२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अमेरिकेत खुळखुळ्या सापाच्या दंशावर मेंढीपासून तयार होणाऱ्या एका प्रतिविषात आजही हीच पद्धत वापरली जाते. आपल्याकडील घोड्यापासून बनवलेल्या सर्पविषरोधक औषधासाठी मात्र पेप्सिन वापरतात, त्यामुळे त्या औषधाचा आपल्या पपईशी संबंध नाही. रक्तपेढ्यांतही काही प्रतिपिंडे ओळखण्यासाठी तांबड्या पेशींवर पपेनची प्रक्रिया करतात. अशा कामांना लागणारे पपेन अल्प, पण अत्यंत शुद्ध असते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे : ताजा चीक माणसाच्या किंवा जनावराच्या जखमेवर, गजकर्णावर, चामखिळीवर लावू नये. ताज्या चिकाची तीव्रता एका फळापासून दुसऱ्या फळापर्यंत बदलते, तो निर्जंतुक नसतो आणि निरोगी त्वचेवरही त्याने आग होऊन फोड येतात. डोळ्यात थेंब गेल्यास बुबुळाला इजा होऊ शकते. अशा वेळी डोळा भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुऊन लगेच दवाखाना गाठावा. जंतांवर चीक पाजण्याची जुनी पद्धत काही ठिकाणी ऐकू येते. चिकातील विकरे गोलकृमींचे बाह्य आवरण पचवू शकतात हे प्रयोगांत दिसले आहे, परंतु शेळी-वासराला किती मात्रा सुरक्षित हे घरी ठरवता येत नाही. जंतनाशक पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडूनच घ्यावे. चिकाची पूड बाटलीत भरून ‘औषध’ म्हणून विकण्याचा विचार काहींनी कळवला आहे. औषध व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० नुसार परवान्याशिवाय औषध तयार करणे व विकणे हा गुन्हा आहे, त्यामुळे तो विचार सोडून द्यावा.

डेंगीसंबंधी सांगावयाचे तर बाजारात मिळतो तो पपईच्या पानांचा अर्क असतो. तो आणि पपेन एक नव्हे. काही चाचण्यांत या अर्काने प्लेटलेटची संख्या वाढल्याचे आढळले आहे. तरीही डेंगीत रुग्ण दगावतो तो मुख्यतः रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपल्यामुळे आणि रक्तस्रावामुळे, म्हणून द्रवपदार्थ, विश्रांती आणि डॉक्टरांची देखरेख यांना पर्याय नाही. पानांचा रस पाजत घरी थांबून राहू नये. गर्भवतींनी कच्ची पपई व चीक टाळावा. चिकाने गर्भाशयाचे आकुंचन होते हे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी पपेनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत.

आता चीक काढण्याकडे वळू. आपल्या भागात बहुतांश लागवड तैवान ७८६ या खाण्याच्या वाणाची आहे. पपेनसाठी तमिळनाडू कृषी विद्यापीठाने को-२, को-५ यांसारखे वाण दिले असून को-५ च्या एका फळापासून १४ ते १५ ग्रॅम सुके पपेन मिळते असे विद्यापीठ सांगते. खाण्याच्या वाणाच्या बागेत केवळ भाव पडला म्हणून चिरा मारणे शहाणपणाचे नाही : चिरलेले फळ खाण्यासाठी विकले जात नाही आणि चीक घेणारा कारखाना आधी ठरलेला नसेल तर दोन्हीकडून नुकसान होते.

खरेदीदाराशी लेखी बोलणी झाली असतील तरच पुढील पद्धत अवलंबावी. फळधारणेनंतर ७५ ते ९० दिवसांच्या कच्च्या फळावर सकाळी १० पूर्वी, स्टेनलेस स्टीलच्या पात्याने किंवा बांबूच्या धारदार कामटीने देठापासून टोकाकडे सुमारे ३ मिमी खोलीच्या चार उभ्या चिरा द्याव्यात. चिरा याहून खोल गेल्यास फळाचा गर व बी यांना इजा होऊन फळ सडते. तीन-चार दिवसांच्या अंतराने, आधी न चिरलेल्या जागी, ही क्रिया एकूण चार वेळा करता येते. दुपारच्या कोरड्या उन्हात चीक लगेच गोठतो. तो ॲल्युमिनियमच्या किंवा प्लॅस्टिक अंथरलेल्या तबकात धरावा. गाळून, ०.०५ टक्के पोटॅशियम मेटाबायसल्फाइट मिसळून, ५० ते ५५ अंश सेल्सिअसला ड्रायरमध्ये वाळवावा. मेटाबायसल्फाइट हवेपासून पपेनमधील त्या हळव्या गंधकाचे रक्षण करते. उन्हात वाळवलेला माल तपकिरी होतो, त्याची क्रियाशीलता घटते आणि औषध कारखाने तो स्वीकारत नाहीत. दर ठरतो तो वजनासोबत क्रियाशीलतेच्या एककांवर, म्हणून करारात एकक कोणते, नमुना कोण तपासणार आणि वाहतुकीत प्रत घसरली तर जबाबदारी कोणाची, हे लिहून घ्यावे.

काम करणाऱ्या मजुरांना हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे व चष्मा द्यावा. सुकलेले पपेन कुटताना व चाळताना उडणारी पूड श्वासात गेल्यास दम्याचा विकार जडू शकतो, तेव्हा ते काम बंद खोलीत करू नये आणि मास्क सक्तीचा ठेवावा. ज्यांना आधीच दमा आहे त्यांना या कामावर घेऊ नये. चीक काढून झालेली फळे तुटीफ्रुटी करणाऱ्या कारखान्यांना देता येतात. मात्र त्यांच्याशीही चिरा देण्यापूर्वीच बोलून ठेवावे, कारण चिरलेले फळ फार दिवस टिकत नाही.