इंग्लंडच्या वॉर्डात टिकायचं असेल तर

तू विचारलंस, इंग्लंडमध्ये वॉर्डात नर्स कमी आणि ड्यूटी साडेबारा तासांची, मग मन घट्ट कसं करायचं? अगं, मन घट्ट करणं म्हणजे निमूटपणे ओढत राहणं, हा समज आधी सोड. त्यात चांगल्या चांगल्या मुली खचलेल्या मी पाहिल्या आहेत.

सीबीटी (संगणकावरची परीक्षा) आणि ओएससीई (प्रात्यक्षिक परीक्षा) तू पास होशीलच. कस लागतो तो एनएमसीचा, म्हणजे तिथल्या नर्सिंग कौन्सिलचा, पिन (नोंदणी क्रमांक) आल्यावर. औषधं अर्धी देऊन झालेली, एका पेशंटचा न्यूज स्कोर (प्रकृती किती बिघडली ते सांगणारा आकडा) पाचवर गेलेला, पलीकडे बेल वाजतेय आणि मदतीला एकच हेल्थकेअर असिस्टंट. अशा वेळी इन्चार्जकडे जाऊन ‘हे मला एकटीला सुरक्षितपणे जमणार नाही, आत्ता कुणीतरी द्या’ असं स्पष्ट म्हणता आलं पाहिजे. आपल्याला तेच जड जातं. नवीन आहोत, काय म्हणतील! म्हणून इंग्लंडला निघण्याआधीच हे वाक्य इंग्रजीत मोठ्याने म्हणून तोंडात बसव. पेशंटला धोका दिसला तर सांगणं एनएमसीच्या आचारसंहितेनुसार तुझं कर्तव्यच आहे. तरी कुणी ऐकलं नाही तर इन्सिडेंट रिपोर्ट (घटनेची लेखी नोंद) भर. एनएचएस ट्रस्टमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची हॉस्पिटलं चालवणाऱ्या संस्थेत, फ्रीडम टू स्पीक अप गार्डियनही असतो (कर्मचाऱ्यांच्या तक्रारी ऐकून घेणारा माणूस), त्याच्याकडे जाता येतं. आरसीएन किंवा युनिसन या कर्मचारी संघटनांपैकी एकीची सभासद पहिल्याच महिन्यात हो. भांडण उभं राहिल्यावर सभासद झालीस तर त्या प्रकरणात मदत मिळेलच असं नाही.

सहा तासांपेक्षा जास्त ड्यूटी असेल तर किमान 20 मिनिटांचा ब्रेक हा कायद्याने तुझा हक्क आहे. चाव्या आणि पेशंट दुसऱ्या सिस्टरकडे सोपव आणि वॉर्डाबाहेर जा. आत बसलीस की हाक येतेच.

आणि स्वतःकडे लक्ष ठेव. ओव्हर देताना (ड्यूटी संपताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती देताना) पेशंटचं नाव सुटून नुसतं ‘बेड सात’ तोंडात येऊ लागलं, कुणाच्या रडण्याचं काहीच वाटेनासं झालं, तर तू आतून थकली आहेस. तेव्हा वॉर्डात प्रोफेशनल नर्स अ‍ॅडव्होकेट (सहकाऱ्यांना आधार देणारी नर्स) कोण आहे ते विचार. अशा बोलण्यासाठीच त्यांना तयार केलेलं असतं. झोपही उडाली असेल तर सरळ जीपीला (तिथल्या फॅमिली डॉक्टरला) भेट.

सही करण्याआधी नोकरीच्या करारातलं खर्चवसुलीचं (तुला तिकडे नेण्याचा खर्च परत मागण्याचं) कलम वाच: मध्येच नोकरी सोडली तर किती भरायचं, आणि दर महिन्याला ती रक्कम उतरते का. अडकलो आहोत असं वाटलं की निम्मा धीर तिथेच संपतो. नोकरी बदलता येते, फक्त नव्या ठिकाणी स्पॉन्सरशिप (व्हिसासाठी मालकाचं प्रायोजकत्व) मिळवून व्हिसासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. करार हातात आला की ते पान मला पाठव, आपण दोघी मिळून वाचू.