खड्डा कोरडा पडल्यावर पाणपिसवा जातात कोठे?

प्रश्न : आमच्या शेतालगत कौलांच्या मातीसाठी फार वर्षांपूर्वी खणलेला एक खड्डा आहे. श्रावण सरता सरता त्यातील पाण्यात उड्या मारत पोहणारे लालसर ठिपके दाटतात आणि दिवाळीपर्यंत दिसेनासे होतात. एप्रिलमध्ये खड्डा पूर्ण आटतो, तरी पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा हजर! आजोबा त्यांना नारूचे किडे म्हणत. यंदा उन्हाळ्यात तेथील गाळ काढून शेतात टाकण्याचा विचार आहे. टाकावा का?
– एक वाचक, खानापूर तालुका (जि. बेळगाव)

उत्तर : वर्णनावरून त्या पाणपिसवा, म्हणजे साचलेल्या गोड्या पाण्यातील कोळंबीच्या दूरच्या नात्यातले बारीक जीव, आहेत. नारू हा जंताचा रोग पसरत असे तो सायक्लॉप्स या वेगळ्या सूक्ष्म जीवामार्फत, आणि भारत २००० सालीच नारूमुक्त जाहीर झाला आहे. दोन्ही जीव एकाच पाण्यात राहतात व नुसत्या डोळ्यांना सारखेच भासतात, त्यामुळे आजोबांचा समज स्वाभाविक होता.

जून-जुलैत वाहून आलेल्या तांबड्या पाण्यात मातीचे कण इतके असतात की, पाणी गाळून त्यातील शेवाळ व जीवाणू खाणाऱ्या या जीवांच्या पोटात अन्नापेक्षा मातीच अधिक जाते. पावसाचा जोर ओसरून गाळ खाली बसला आणि उन्हाने पाणी हिरवट झाले, की त्यांचे दिवस येतात. तेव्हा जवळजवळ साऱ्या माद्याच असतात. नराशिवायच त्या पिल्ले देतात, आणि उबदार पाण्यात मोइना जातीची मादी जन्मापासून आठवडाभरात स्वतः आई होते. पाण्यातील प्राणवायू कमी पडला की त्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन वाढते; तुम्हाला दिसणारी लाली बहुधा तीच.

ही वाढ टिकत नाही. शेवाळ फस्त होऊन पाणी निवळते, चतुरांच्या अळ्याही त्यांना टिपतात. दाटी आणि उपासमार जाणवू लागली की माद्या नरांनाही जन्म देतात, आणि मीलनानंतर पाठीवरच्या खोगिरासारख्या जाड कवचात अंडी तयार होतात. डॅफ्निया या दुसऱ्या जातीच्या पाणपिसवेच्या एका कवचात ती सहसा दोन असतात. तळाशी पडलेली ही अंडी संपूर्ण उन्हाळा कोरड्या गाळात काढतात.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते पुढचे. वळवाच्या एका सरीने खड्ड्यात चार दिवस पाणी साचते आणि आटून जाते. त्या पाण्याला भुलून सगळीच अंडी फुटली असती तर वंश बुडाला असता. पण दुबार पेरणीची वेळ आली तर हाताशी असावे म्हणून शेतकरी थोडे बियाणे मागे ठेवतो, तशी काही अंडी त्या वर्षी फुटतच नाहीत. खोल गाडलेली, उजेड न पोचलेली अंडी तर कित्येक दशकांनंतरही जिवंत आढळली आहेत.

म्हणून गाळ जरूर काढा, पण सगळा नेऊ नका, ही कळकळीची विनंती. फुटण्याजोगी अंडी मुख्यतः वरच्या दोन-चार बोटांच्या थरात असतात. तो थर आधी खरवडून बाजूला ठेवा, खालचा गाळ शेतात न्या आणि पावसापूर्वी वरची माती पुन्हा तळावर पसरा. पाहायचेच असेल तर त्यातील मूठभर माती काचेच्या बरणीत घालून वर विहिरीचे पाणी ओता आणि बरणी उजेडाच्या खिडकीत ठेवा. आठवडाभरात त्यात बारीक ठिपके हलताना बहुधा दिसतील.