डिसेंबरात खोली उघडी राहते का, ते आधी विचार

बेटा, अमेरिकेत अर्बाना-शँपेनच्या इलिनॉय विद्यापीठात इंजिनिअरिंगला नंबर लागला, फार आनंद झाला. तू विचारलंस, ‘ताई, होस्टेलच्या फॉर्ममध्ये सगळ्यात स्वस्त खोली भरू का? बाबा म्हणतात एकटीचीच घे, अभ्यास होईल. की बाहेर फ्लॅट पाहू?’

फ्लॅटचा विषय आधी संपवते. तिथे पहिल्या वर्षाच्या पोरांना विद्यापीठाच्या किंवा विद्यापीठानं मान्य केलेल्या खासगी वसतिगृहातच राहावं लागतं. करार अख्ख्या शैक्षणिक वर्षाचा असतो, तेव्हा वाचल्याशिवाय सही करू नको.

एकटीची खोली घेऊ नको. बाबांची काळजी मला समजते. पण आपण दारव्ह्याकडची माणसं, घरात आजीजवळ ओळीनं गाद्या टाकून झोपलेली. परक्या मुलखात पहिला ताप येतो त्या रात्री समोरच्या पलंगावर कुणीतरी असावं. फॉर्मवर झोपायची वेळ, टापटीप, गोंगाट असले प्रश्न असतात. तिथे आईला आवडेल ते लिहू नको, खरं तेच लिही. त्यावरून खोलीसाठी जुळणारी जोडीदारीण शोधता येते. घरी फोन मात्र खोलीबाहेर बसून कर. ऑगस्टमध्ये तिथे रात्रीचे नऊ वाजले की आपल्याकडे सकाळचे साडेसात असतात, आई चहा मांडते ती वेळ.

आता मुख्य गोष्ट. माझ्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या एका विद्यापीठात, डिसेंबरच्या परीक्षा संपल्या आणि वसतिगृहाला कुलूप लागलं. अमेरिकन पोरी घरी गेल्या. इमारत सुट्टीत बंद असते हे करारात लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. बाहेर बर्फ, हातात दोन बॅगा, आणि ओळखीच्या ओळखीतल्या एका मराठी कुटुंबाच्या दिवाणखान्यात तीन आठवडे. त्यांनी लेकीसारखं ठेवलं, तरी रोज सकाळी अंथरूण गुंडाळताना जीव कसनुसा व्हायचा. डिसेंबर-जानेवारीत विमानाचं तिकीट काढून गावी येणं तुला परवडणार नाही. म्हणून सुट्टीत तीच खोली मिळते की दुसरीकडे हलवतात, आणि त्याचे वेगळे पैसे किती, हे दराच्याही आधी विचार.

मग अंतर. इंजिनिअरिंगच्या इमारती आणि ग्रेंजर लायब्ररी कॅम्पसच्या उत्तर टोकाला आहेत. इलिनॉय स्ट्रीटचं वसतिगृह त्यांच्या जवळ. फ्लोरिडा अव्हेन्यूचं पार दक्षिणेला, सुमारे दोन किलोमीटर लांब. तू शाळेला पाच किलोमीटर सायकल मारलीस, मला माहीत आहे. पण तिथे शिकागोपासून सव्वादोनशे किलोमीटर आत सपाट प्रदेश आहे, आपल्यासारखंच सोयाबीन, शिवाय मका, वाऱ्याला अडवायला काही नाही. जानेवारीत पारा शून्याच्या खाली पंधरा अंशांवर गेला की ते अंतर वेगळंच लागतं. विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर बस मिळते, एवढा आधार आहे. ऑगस्टमध्ये उकाडाही असतो. काही इमारतींत एसी आहे, काहींत नाही. पण यवतमाळचा मे काढलेल्या पोरीनं त्यासाठी जास्त पैसे भरू नयेत असं मला वाटतं.

जेवण मेसमध्ये असतं, पैसे आधीच भरलेले. कशात कोणतं मांस आहे ते पाट्यांवर वाचून घ्यायचं. खोलीत शेगडी, उघड्या कॉइलची उपकरणं चालत नाहीत, उदबत्ती आणि दिवाही नाही. धुराचा अलार्म वाजला की अख्खी इमारत बाहेर येते. मजल्यावर सामायिक स्वयंपाकघर आहे का ते विचार. असलं तर ज्वारीचं पीठ ने, आठवड्यातून एकदा भाकर थापता येईल. मिक्सर नेऊ नको, तिथे वीज १२० व्होल्टची आहे. गादी ८० इंच लांब असते, बेडशीट तिथेच घे. पांघरायला मात्र घरची चादर आणि आजीची गोधडी ने, जागा करच.

आज वसतिगृहाच्या कार्यालयाला ई-मेल टाक: सुट्टीत खोली, आणि मजल्यावर स्वयंपाकघर. उत्तर आलं की मला पाठव, रविवारी बाबांना घेऊन बस, नकाशा उघडून इमारत ठरवू.