बाबांचा हात वाळतोय, हा लकवा आहे का?

प्रश्न: बाबा ५८ वर्षांचे. वर्षभर शर्टाची बटणं लावता येत नाहीयेत, आम्हाला वाटलं मानेचा मणका, मालिश झालं, काढे झाले, आता न्यूरोलॉजिस्ट म्हणतात एएलएस. म्हणजे लकवाच ना? मलाही होईल का?

उत्तर: नाही हो ताई, लकवा वेगळा. त्यात मेंदूचा रक्तपुरवठा एकदम बिघडतो. एएलएसमध्ये मेंदू आणि मज्जारज्जूतल्या ज्या पेशी स्नायूंना हुकूम सोडतात त्याच हळूहळू मरत जातात, हुकूम पोचत नाही म्हणून स्नायू फडफडतो, वाळतो, पुढे बोलणं, गिळणं आणि मग श्वास. दिसणं, ऐकू येणं, स्पर्श बहुतेकदा शाबूत राहतं, त्यामुळे बाबा समोर असताना ते नसल्यासारखं बोलू नका (हे बऱ्याच घरांत होतं, म्हणून जरा रागानेच लिहितेय).

आनुवंशिक केसेस साधारण ५ ते १० टक्केच. घरात आधी कुणाला नसेल तर तुमचा धोका कमी, तरी डॉक्टरांना विचारा.

रिलुझोल गोळी १९९५ पासून आहे, बरं करत नाही, आयुष्य थोडे महिने वाढवते. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगना १९६३ मध्ये याच आजाराचं निदान झालं आणि ते २०१८ पर्यंत जगले, पण ते अपवाद हो, बहुतेकांना दोन ते पाच वर्षं मिळतात. म्हणून रात्री श्वासाला मदत करणाऱ्या बायपॅप मशीनचं आणि ठसका लागायला लागला तर अन्न देण्यासाठी पोटात बसवतात त्या नळीचं आत्ताच विचारून ठेवा. आणि आवाज स्पष्ट आहे तोवर मोबाईलवर रेकॉर्ड करा, अगदी त्यांच्या शिव्यासुद्धा.