उन्हाळ्यात तापणारा प्रोसेसर: हवा की पाणी?

प्रश्न: मी सिडकोत वरच्या मजल्यावरच्या खोलीत लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. इंटेल आय७-१२७००के प्रोसेसर, त्यावर एका पंख्याचा टॉवर कूलर (धातूच्या पात्यांचा उभा कूलर). जानेवारीत सगळे मोठे कोर (प्रोसेसरमधले जास्त वेगाचे भाग) १.३५ व्होल्टवर ५ गिगाहर्ट्झला बसवले, रेंडर (एडिट झालेल्या व्हिडिओची फाइल तयार करणं) छान होत होते. आता दुपारी तापमान १०० अंशांना टेकतं आणि वेग आपोआप उतरतो. दुकानदार वॉटर कूलिंग घ्या म्हणतो. घेऊ का? त्यात नळाचं पाणी चालतं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: इतक्यात घेऊ नका.

घरातला वाळ्याचा कूलर पाण्याची वाफ होऊ देतो, म्हणून त्याची हवा गार लागते. संगणकातलं पाणी बंद नळीत फिरतं, वाफ होऊन उडून जात नाही. ते उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत, म्हणजे पातळ पात्यांच्या जाळीपर्यंत, नेतं आणि पंखा ती तुमच्याच खोलीत सोडतो. खोलीच्या तापमानाखाली ते प्रोसेसरला नेऊ शकत नाही. टॉवर कूलरच्या तांब्याच्या हीटपाइपमध्येही, म्हणजे उष्णता वर नेणाऱ्या बंद नळ्यांमध्येही, थोडं पाणी असतंच. शेवटचं काम दोन्हीकडे हवाच करते, आणि वरच्या मजल्यावर मे महिन्यात ती हवाच तापलेली असते. जानेवारीत खोली २० अंशांवर असताना प्रोसेसर ८५ दाखवत असेल, तर खोली ३८ वर गेल्यावर तेच काम त्याला १०० च्या पलीकडे ढकलतं. १०० ही या चिपची मर्यादा, म्हणून तो वेग कमी करून स्वतःला वाचवतो. तुमच्या कूलरमध्ये मला दोष दिसत नाही.

पहिला उपाय फुकटचा आहे. उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) ४.८ गिगाहर्ट्झ आणि १.२५ व्होल्ट करून पाहा. हिशोबाने उष्णता सतरा-अठरा टक्क्यांनी उतरते आणि वेग जातो फक्त चार टक्के. प्रत्येक चिप वेगळी असते, तेव्हा व्होल्टेज पायरीपायरीने उतरवा आणि दर पायरीला लांब रेंडर लावून बघा. ही चाचणी दुपारी तीनला घ्या, रात्री नको. उन्हाळ्यात जे टिकतं तेच खरं ओव्हरक्लॉक (कंपनीच्या सेटिंगपेक्षा वाढवलेला वेग), असं मी प्रत्येकाला सांगतो.

त्यानंतरही कूलर बदलायचाच असेल तर दोन टॉवर, दोन पंख्यांचा हवेचा कूलर घ्या. कंपनीच्या सेटिंगवर तुमची चिप जास्तीत जास्त १९० वॉट घेते. तेवढ्याला तो पुरतो. मात्र असे कूलर १६० मिलिमीटरच्या आसपास उंच असतात, तेव्हा कॅबिनेटमधली जागा आधी मोजा. २५३ वॉटपर्यंत जाणाऱ्या आय९-१४९००के साठी मी बिनदिक्कत ३६० मिलिमीटरचा रेडिएटर सांगेन, कारण तिथे पृष्ठभाग लागतोच. पाणी सावकाश तापतं, त्यामुळे पहिली काही मिनिटं वॉटर कूलर फारच गार वाटतो. दुकानातल्या पाच मिनिटांच्या चाचणीवर विसंबू नका. तुमचा रेंडर तासभर चालतो.

शिवाय सिंहस्थाच्या कामांमुळे शहरभर रस्ते खोदलेले आहेत. धुळीने पात्यांच्या फटी बुजतात, मग टॉवर काय नि रेडिएटर काय, दोन्ही सारखेच तापतात. महिन्यातून एकदा ब्लोअर मारा, पंखा बोटाने धरून. फरक बिघाडाच्या वेळी कळतो. टॉवरचा पंखा बंद पडला तरी धातू थोडी उष्णता ओढत राहतो, वॉटर कूलरचा पाणी फिरवणारा पंप बंद पडला की प्रोसेसर लगेच मर्यादेला पोचतो. गिऱ्हाइकाला तारीख दिलेली असताना हे परवडत नाही.

नळाचं पाणी अजिबात नको. दुकानात मिळणारे बंद कूलर भरूनच येतात, त्यातल्या बहुतेकांत पाणी घालायची सोयच नसते. पुढे कधी सुटे भाग जोडून संच केलात, तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये शेवाळ आणि गंज रोखणारं द्रव्य मिसळा आणि तांब्याच्या ब्लॉकला (प्रोसेसरवर बसणाऱ्या भागाला) ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडू नका. हे दोन धातू एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजायला लागतं.