स्पॅनिशच्या सरावाला नको, कामाला जा

प्रिय,

तुझा मेसेज परवाच वाचला, पण दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नव्हतं म्हणून आज निवांत बसून लिहितेय. तू म्हणतेस दोन वर्षं स्पॅनिश शिकतेय, मार्क चांगले पडतात, पण समोर खरंखुरं माणूस बोलायला लागलं की तोंडातून शब्द फुटत नाही, आणि आता कॉलेजच्या कम्युनिटी सर्व्हिसचे तास पण पूर्ण करायचेत, तर दोन्ही एकत्र जमेल का. जमेल. माझी स्पॅनिश अशीच तयार झाली, वर्गात नाही, फूड बँकेच्या, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्राच्या, टेबलामागे उभं राहून, स्पॅनिश बोलणाऱ्या माणसांमध्ये.

पण एक गोष्ट आधीच सांगते, थोडी कडक वाटेल. तिथे येणारी माणसं तुझ्या सरावासाठी येत नाहीत. दिवसभर राबून, कडेवर पोर घेऊन रांगेत उभी राहिलेली बाई तिच्या घरच्या गरजेसाठी आलेली असते, तुझा सबजंक्टिव्ह (क्रियापदाचं ते इच्छा-शंकेचं अवघड रूप) पक्का व्हावा म्हणून नाही. म्हणून जाताना मनात हे ठेव की मी काम करायला चाललेय. खोकी उचलायची, टेबल पुसायचं, पिशव्या भरायच्या, याद्या करायच्या. पहिले दोनतीन आठवडे तर तू नुसतं काम केलंस आणि कान उघडे ठेवलेस तरी पुष्कळ आहे. जी मुलं पहिल्याच दिवशी येऊन प्रत्येकाला धरून स्पॅनिश झाडायला लागतात ना, त्यांना लोक हसून दोन शब्द बोलतात आणि पुढे सरकतात. जो पिशवी गाडीपर्यंत नेऊन देतो त्याच्याशी मात्र आपणहून बोलतात, हे मी कितीदा बघितलंय.

जागा निवडताना असं काम बघ जिथे तीच वाक्यं परतपरत बोलावी लागतात. फूड बँक, कपडेवाटप, लायब्ररीत लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवणं, शाळा सुटल्यावर मुलांचा अभ्यास घेणं. पुस्तकातला संवाद तू एकदा वाचतेस आणि पान उलटतेस, इथे मात्र 'घरात किती जण आहात' हे एका संध्याकाळी पन्नास वेळा विचारायचं असतं, दहाव्या वेळेला क्रियापद आठवायचं तू विसरून जातेस आणि विसाव्या वेळेला उत्तराकडे खरंच लक्ष द्यायला लागतेस, आणि भाषा शिरते ती तिथूनच. लहान मुलांचा अभ्यास घेणं तर फारच छान, कारण मुलं चूक ऐकली की तोंडावर सांगतात. मोठी माणसं भिडेखातर गप्प बसतात.

आता एक गोष्ट जी तुझ्या वर्गात बहुतेक कोणी सांगितली नसेल. तू मराठी आहेस हा इथे मोठा फायदा आहे, तो वापर. स्पॅनिश मनात इंग्रजीतून जुळवायला जाऊ नकोस. 'मे गुस्ता' म्हणजे सरळ 'मला आवडतं', आवडणारी गोष्ट कर्ता आणि आपण 'मला'. इंग्रजीतून येणारी मुलं यावर महिनोन्‌महिने अडतात, तुला ते जन्मापासून येतं. 'मे दुएले ला काबेसा', माझं डोकं दुखतंय. आणि माझं सगळ्यात लाडकं म्हणजे 'से मे कायो', हातातून काही पडलं की स्पॅनिश माणूस 'मी पाडलं' म्हणत नाही, आपल्यासारखंच 'माझ्या हातून पडलं' म्हणतो, आणि 'से मे ओल्विदो' म्हणजे बरोब्बर आपलं 'विसरायला झालं'. त द प क हे आवाज पण जवळजवळ आपलेच, फक्त थ-ध सारखा श्वास सोडायचा नाही. जीभ तयार आहे गं तुझी. अडलंय ते धाडस.

धाडसावरून आठवलं, माझी एक चूक सांगते, ती तुझ्या हातून होऊ नये म्हणून. दुसऱ्याच महिन्यात एका आजींनी मला काहीतरी विचारलं, खूप भरभर, मला त्यातलं 'मार्तेस' एवढंच कळलं आणि पुन्हा विचारायची लाज वाटली म्हणून मी हसून 'सी, सी', म्हणजे 'हो, हो', म्हणून टाकलं. त्या विचारत होत्या की पुढच्या मंगळवारी पण उघडं आहे का. नव्हतं. पुढच्या मंगळवारी त्या नातवाला घेऊन बंद दारासमोर अर्धा तास पावसात उभ्या होत्या, हे मला नंतर त्यांच्याच शेजारणीकडून कळलं. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, उलट पुढच्या वेळी पण 'मिहा' म्हणजे 'बाळा' म्हणूनच हाक मारली, त्याचं जास्त लागलं. त्या दिवसापासून न कळता 'सी' म्हणणं मी बंद केलं. तू पहिली तीन वाक्यं हीच पाठ कर: 'नो एन्तेंदी', 'ओत्रा वेस, पोर फावोर', आणि 'मास देस्पासियो'. नाही कळलं, परत एकदा प्लीज, जरा सावकाश. आणि वार, तारीख, वेळ हे तर कळलं असं वाटलं तरी आपण परत बोलून दाखवायचं, बोटावर मोजून, कॅलेंडरवर बोट ठेवून, कसंही.

आकडे आणि नावं, इथे सगळ्यात जास्त घोळ होतात. फोन नंबर बरेच जण दोन-दोन आकड्यांच्या जोडीने सांगतात आणि 'सेसेन्ता' म्हणजे 60 आणि 'सेतेन्ता' म्हणजे 70, गोंगाटात दोन्ही अगदी सारखं ऐकू येतं. नंबर लिहून कागद त्यांच्यासमोर फिरवायचा, त्यांना वाचू द्यायचा. नावांचं असं की स्पॅनिशमध्ये ब आणि व चा उच्चार एकच, त्यामुळे स्पेलिंग विचारावंच लागतं, मेक्सिकोकडचे लोक 'बुर्रोतला ब की वाकातला व' असं सांगतात, म्हणजे गाढवातला की गाईतला. आणि आडनावं बहुतेकांची दोन, आधी वडिलांकडचं आणि मग आईकडचं. फॉर्मवर एकच रकाना असला की घाईत कोणीतरी शेवटचं तेवढं लिहितं आणि पुढच्या महिन्यात त्या माणसाचं नाव यादीत सापडत नाही, सगळे हैराण. दोन्ही लिही, नेहमी.

तू आणि उस्तेद. 'तू' हा शब्द तर ऐकायला हुबेहूब आपलाच आणि अर्थही तोच, पण म्हणून निष्काळजी होऊ नकोस. अनोळखी मोठ्या माणसाला उस्तेद, आपल्या 'तुम्ही'सारखं, त्यांनी स्वतः सांगेपर्यंत. आणि कोणी तुला उस्तेद म्हटलं तर दुरावा समजू नकोस, कोलंबियातल्या कितीतरी भागांत घरातल्या माणसांत, मित्रांतसुद्धा उस्तेद चालतं. अर्जेंटिनाचं कोणी भेटलं तर 'तू' ऐवजी 'वोस' ऐकशील, क्रियापद पण जरा वेगळं, घाबरायचं नाही.

शब्दांचं पण तेच. 20 देशांची राजभाषा आहे ती, एका पुस्तकात मावणार कशी. डब्यातल्या बीन्सना मेक्सिकोची बाई 'फ्रिहोलेस' म्हणेल, पोर्तो रिकोची 'आबिचुएलास', व्हेनेझुएलाची 'काराओतास' आणि चिलेची 'पोरोतोस'. 'ग्वाग्वा' क्युबात बस आणि चिलेत तान्हं बाळ. म्हणून मी एक छोटी वही खिशात ठेवायचे, शब्द, कोणत्या देशाच्या माणसाकडून ऐकला, आणि कशाबद्दल बोलताना, एवढंच. 'तुमच्याकडे याला काय म्हणतात' हा प्रश्न विचारून बघ, 'कोमो ले दीसेन उस्तेदेस?', समोरच्याचा चेहरा कसा खुलतो ते दिसेल. एरवी त्या टेबलाशी ते घेणारे आणि तू देणारी असं असतं ना, त्या एका प्रश्नाने ते उलटं होतं, आता ते देतायत. मला वाटतं अख्ख्या कामातला सगळ्यात सुंदर क्षण तोच.

आणि समोर आलेला प्रत्येक जण स्पॅनिशच बोलतो असं गृहीत धरू नकोस हं. ग्वाटेमालाहून आलेल्या कोणाची घरची भाषा माम किंवा किचे असू शकते, मेक्सिकोच्या ओआहाकाकडच्यांची मिश्तेक. एकट्या मेक्सिकोत 68 मूळ भाषांना राष्ट्रीय भाषा म्हणून मान्यता आहे. अशा माणसाला स्पॅनिशसुद्धा तुझ्यासारखीच शिकून आलेली असते. सावकाश बोल, मोठ्याने नाही.

अजून एक. बऱ्याच वेळा आईबरोबर आठ-दहा वर्षांचं पोर येतं आणि तेच भाषांतर करत असतं. तू बोलताना आईकडे बघून बोल, पोराकडे नाही. तुझी स्पॅनिश मोडकी असली तरी चालेल. पोराला थोडा वेळ पोरासारखं राहू दे.

आता मर्यादा, यावर मी हट्टी आहे. डॉक्टर, कोर्ट, पोलीस, इमिग्रेशनचे कागद, औषधाचा डोस, कुठे सही करायची, यात तू दुभाष्या व्हायचं नाही. कोणी कितीही गळ घातली तरी. 1980 मध्ये फ्लोरिडात 18 वर्षांच्या एका मुलाला बेशुद्ध अवस्थेत हॉस्पिटलमध्ये आणलं, घरचे क्युबन, त्यांनी 'इन्तोक्सिकादो' शब्द वापरला. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ खाण्यापिण्यातून काहीतरी बाधलंय असा. डॉक्टरांनी तो इंग्रजी 'इंटॉक्सिकेटेड'सारखा घेतला, म्हणजे नशा, आणि ड्रग्जच्या ओव्हरडोसचे उपचार सुरू केले. खरं तर त्याच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. तो कळेपर्यंत उशीर झाला, त्या मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले, नंतर सुमारे 7 कोटी 10 लाख डॉलरची भरपाई ठरली. दुभाष्या कोणी बोलावलाच नाही, कारण आपल्याला कळलंय असं सगळ्यांनाच वाटत होतं. हे वाचून पहिल्यांदा माझ्या पोटात गोळा आला होता, कारण असं 'कळलंय' मला दर आठवड्याला वाटायचं. तर तुझं काम काय, तर को-ऑर्डिनेटरला हाक मारणं, प्रशिक्षित दुभाष्या कसा मिळतो ते आधीच विचारून ठेवणं, आणि तो येईपर्यंत त्या माणसाजवळ बसणं. 'इथे बसा, माणूस येतोय' एवढं नीट सांगता आलं तरी खूप आहे. आणि तिथे ऐकलेलं कोणाच्या घरातलं काही बाहेर बोलायचं नाही, वर्गात सादर करायच्या लेखात नाव बदलूनही नाही.

तासांचं म्हणशील तर, चार ठिकाणी पाच-पाच तास वाटू नकोस. एकच जागा, एकच वार, सगळी टर्म. लोक चेहरा ओळखायला लागले की मगच बोलायला लागतात, माझ्या बाबतीत सहावा की सातवा आठवडा लागला होता. तोवर आपलं काही होत नाहीये असं वाटेल, दर वेळी घरी येऊन डोकं दुखेल, कारण परक्या भाषेत तीन तास ऐकणं हे खरंच अंगमेहनतीचं काम आहे. त्या दिवशी व्याकरण उघडू नकोस. दुसऱ्या दिवशी वही काढ आणि जे वाक्य बोलायचं होतं पण आलं नाही तेवढं एकच तयार कर, पुढच्या आठवड्यासाठी.

शनिवारी पहिली शिफ्ट आहे ना? पायात बंद बूट घाल, खोकी जड असतात. आणि आल्यावर मला लिही, कुठला शब्द अडला आणि कोणी समजावून दिला ते. मी वाट बघतेय.

तुझी
ताई